बायपासदरम्यान मेंदूवर काय गुदरते: संगणकीय नोंदीची मांडणी, जोडणी आणि विश्लेषण

जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात हार्ट-लंग मशीनच्या आधाराने हृदयातील छिद्र बंद केले. रक्ताभिसरण काही काळ यंत्राकडे सोपवल्यावर मेंदूचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून या शस्त्रक्रियेच्या पाठीशी लागलेला आहे. १९९६ साली अमेरिकेतील २४ रुग्णालयांमधील २,१०८ बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६.१ टक्के रुग्णांना मेंदूविषयक गंभीर त्रास झाल्याचे दिसले. त्यांपैकी साधारण निम्म्यांना पक्षाघात किंवा तत्सम इजा झाली होती आणि उरलेल्यांच्या बुद्धीत, स्मरणात घसरण झाली होती किंवा त्यांना झटके आले होते. २००१ साली ड्यूक विद्यापीठातील गटाने २६१ रुग्णांचा पाठपुरावा मांडला. त्यानुसार घरी सोडताना ५३ टक्के, सहा आठवड्यांनी ३६ टक्के, सहा महिन्यांनी २४ टक्के आणि पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा खालावलेली होती.

हे आकडे फार गाजले, पण त्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांचा तुलनागट नव्हता. पुढे जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी असा गट घेतला, तेव्हा दीर्घकालीन घसरण दोन्हीकडे सारखीच दिसली. नेदरलँड्समधील ऑक्टोपस चाचणीत पंपावर (म्हणजे हार्ट-लंग मशीनवर) आणि पंपाविना केलेल्या बायपासची तुलना झाली आणि वर्षाअखेरीस बौद्धिक कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे सगळा दोष पंपाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. या अभ्यासांत आधीची आणि नंतरची चाचणी असते. त्यांच्या मधले चार-पाच तास बहुतेक वेळा ‘पंप टाइम’ (यंत्र चालू असल्याचा काळ) आणि ‘क्लॅम्प टाइम’ (महाधमनी चिमट्याने बंद असल्याचा काळ) या दोन आकड्यांत गुंडाळलेले असतात. त्या तासांची सेकंदागणिक, विश्लेषणाला उपयोगी पडेल अशी नोंद कशी करावी, हे पुढे मांडले आहे. कार्डियाक ओटीतील (हृदयशस्त्रक्रियेच्या खोलीतील) भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे), बायोमेडिकल इंजिनिअर आणि या विषयावर प्रबंध करणारे पदव्युत्तर विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. लागणारी बरीचशी यंत्रे मोठ्या केंद्रांत आधीपासूनच असतात. ती सगळी एका घड्याळावर आणलेली नसतात आणि ओटीत काय केव्हा घडले याचे नेमके टिपण नसते. बहुतेक अभ्यास याच दोन उणिवांमुळे फसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘मेंदूवरील परिणाम अभ्यासणे’ हा प्रश्न होत नाही. ‘पंपावर असताना सरासरी रक्तदाब त्या रुग्णाच्या स्वनियमनाच्या खालच्या मर्यादेखाली जितका जास्त काळ राहतो, तितका पहिल्या तीन दिवसांत भ्रमावस्थेचा संभव वाढतो का’ हा प्रश्न आहे, कारण त्यात कारण, परिणाम आणि मुदत ही तिन्ही ठरलेली आहेत. (स्वनियमन म्हणजे दाब बदलला तरी रक्तप्रवाह स्थिर राखण्याची मेंदूची क्षमता.) प्रश्न असा लिहिला की कोणते संकेत किती वेगाने नोंदवायचे हेही ठरते. रक्तदाब आणि मेंदूतील ऑक्सिजन यांचा संबंध पाहण्यासाठी दर सेकंदाला एक आकडा पुरेसा होतो. धमनीतून मेंदूकडे जाणारे सूक्ष्म बुडबुडे मोजायचे असतील, तर मिलिसेकंदांच्या पातळीवर उतरावे लागते.

परिणामांची नावेही आधीच निश्चित करावीत. २०१८ साली मान्य झालेल्या परिभाषेनुसार शस्त्रक्रियेनंतरची भ्रमावस्था, म्हणजे डेलिरियम, वेगळी धरतात. तीस दिवसांपर्यंत टिकणारी बौद्धिक घसरण म्हणजे लांबलेली पूर्ववत अवस्था. आणि त्यापुढे वर्षभरापर्यंत दिसणारी घसरण म्हणजे शस्त्रक्रियोत्तर बौद्धिक विकार. जुन्या निबंधांत या सगळ्यांना एकच ढोबळ नाव दिलेले असते, म्हणून त्यांतील टक्केवाऱ्या एकमेकांशी ताडून पाहताना जपून राहावे.

पायरी २: परवानगी आणि गोपनीयता

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मराठीत लिहिलेले संमतिपत्र आणि सीटीआरआयवरील (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतील) नोंदणी ही तीन कामे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी पूर्ण करावीत. संमती आदल्या रात्री घाईघाईने घेऊ नये. उद्या छाती उघडणार या धास्तीत असलेला माणूस कशावरही सही करतो. संगणकातील फाइलला रुग्णाचे नाव किंवा आयपीडी क्रमांक न देता अभ्यासाचा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि नाव व संकेतांक जुळवणारी यादी वेगळ्या जागी कुलपात ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही शिस्त ऐच्छिक राहिलेली नाही. मॉनिटरच्या पडद्याचे फोटो काढताना कोपऱ्यात रुग्णाचे नाव दिसते, ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते.

पायरी ३: शस्त्रक्रियेआधीची बौद्धिक चाचणी

संगणकीय नोंद कितीही बारकाईने केली, तरी पूर्वीची चाचणी कच्ची असेल तर निष्कर्ष कच्चाच राहतो. १९९५ च्या सर्वसंमत निवेदनात हृदयशस्त्रक्रियेसाठी रे यांची शब्द-स्मरण चाचणी, ट्रेल मेकिंगचे (कागदावर विखुरलेले आकडे-अक्षरे क्रमाने रेषेने जोडण्याच्या चाचणीचे) ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन्ही भाग आणि खाचांच्या पाटीत खुंट्या बसवण्याची चाचणी सुचवलेली आहे. आपल्याकडे या चाचण्या जशाच्या तशा चालत नाहीत. ट्रेल मेकिंगच्या ‘ब’ भागात रोमन अक्षरे क्रमाने जोडावी लागतात; चौथीत शाळा सोडलेल्या शेतकऱ्याने तिथे जास्त वेळ घेतला, तर तो दोष मेंदूचा नसतो. अशा रुग्णांसाठी आकडे आणि रंग वापरणारी कलर ट्रेल्स चाचणी बरी पडते. शब्द-स्मरणाची यादी मराठीत प्रमाणित केलेलीच घ्यावी. इंग्रजी यादीचे घरगुती भाषांतर वापरू नये, कारण भाषांतरात शब्दांची लांबी आणि परिचितता बदलते.

चाचणी शांत खोलीत, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, शक्यतो त्याच परीक्षकाने घ्यावी. शिक्षणाची वर्षे, मातृभाषा, रोजच्या वापरातील भाषा, दारू, मधुमेह, जुना पक्षाघात आणि नैराश्याची लक्षणे यांची नोंद सोबत असावी. हीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावामुळे गुण वाढतात, म्हणून समांतर आवृत्त्या वापराव्यात आणि शस्त्रक्रिया न होणाऱ्या, त्याच वयोगटातील व शिक्षणाच्या हृदयरुग्णांनाही तितक्याच अंतराने दोनदा तपासावे. या तुलनागटाला फाटा देण्याचा मोह होतो. तो गट नसेल, तर पुढचे सगळे श्रम पाण्यात जातात.

पायरी ४: कोणते संकेत घ्यायचे आणि ते कुठे दगा देतात

धमनीतील रक्तदाब हा पायाभूत संकेत आहे. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारे उपकरण) बहुधा हृदयाच्या पातळीवर शून्य केलेला असतो. मेंदूतील दाब जाणून घ्यायचा तर पातळी कानाच्या छिद्राशी धरावी लागते. तेरा सेंटीमीटर उंचीचा फरक म्हणजे सुमारे १० मिमी पारा, आणि डोके वर-खाली करताना एवढा फरक सहज पडतो. त्यामुळे एकच पातळी ठरवावी आणि टेबल हलले की त्याची खूण करावी. पंप सुरू झाल्यावर नाडीची लाट सपाट होते. मॉनिटर तरीही सिस्टोलिक आणि डायस्टोलिकचे आकडे दाखवत राहतो. ते निरर्थक असतात, त्या काळात फक्त सरासरी दाब धरावा. पंपावरून उतरवल्यावर काही काळ मनगटातील दाब महाधमनीतील दाबापेक्षा कमी दिसू शकतो, हेही लक्षात असावे.

सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतील दाब) बहुतेक जण विसरतात. मेंदूला मिळणारा दाब हा धमनीचा दाब वजा शिरेचा दाब असतो. वरच्या महाशिरेतील कॅन्युला (पंपाला जोडलेली नळी) सरकली किंवा हृदय उचलताना शीर दुमडली, तर धमनीचा आकडा ठीक दिसत असतानाही डोक्यातले रक्त तुंबते. गळ्याच्या शिरेतील दाबाची नोंद असेल, तरच हे नंतर ओळखता येते.

ऑक्सिमीटरचे कपाळावर चिकटवायचे निअर-इन्फ्रारेड सेन्सर मेंदूच्या पुढच्या भागातील रक्ताच्या ऑक्सिजनचे प्रमाण दाखवतात. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली हे तत्त्व मांडले. यंत्र धमनी आणि शिरा यांतील रक्ताचे एक ठरावीक प्रमाण गृहीत धरते आणि ते गृहीतक कंपनीगणिक बदलते, म्हणून दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नयेत. मूळ पातळी रुग्ण जागा असताना, ऑक्सिजन सुरू करण्यापूर्वी, दोन्ही बाजूंनी घ्यावी. त्या पातळीपासून २० टक्क्यांहून अधिक घट, किंवा ५० पेक्षा कमी आकडा, ही धोक्याची रेषा सर्वसाधारणपणे वापरली जाते. हे सेन्सर फक्त कपाळामागचा भाग पाहतात. मेंदूच्या मागच्या भागात गुठळी गेली, तर यांना त्याचा पत्ता लागत नाही.

ईईजीसाठी (मेंदूच्या विद्युत लाटांच्या नोंदीसाठी) बीआयएससारखा, भुलीची खोली सांगणारा एकच आकडा साठवून भागत नाही. कच्ची लाट साठवावी. प्रक्रिया केलेला आकडा काही सेकंद मागे असतो, कॉटरीच्या (विजेने रक्तस्राव थांबवण्याच्या) वेळी बिघडतो आणि कंपनीने सूत्र बदलले की जुन्या नोंदींशी जुळत नाही. लाटा मधूनमधून सपाट पडणे, ज्याला सप्रेशन म्हणतात, त्याचे प्रमाण कच्च्या लाटेवरून स्वतः काढता येते. त्याचा अर्थ लावण्यासाठी तापमान आणि भुलीचे प्रमाण हाताशी हवे. थंडीने मेंदूची ऑक्सिजनची गरज दर अंश सेल्सिअसला साधारण सहा ते सात टक्क्यांनी घटते आणि लाटाही मंदावतात.

एक बारीक पण घातक गोष्ट येथेच सांगतो. पंपावर पूर्ण प्रवाह असताना फुप्फुसे बंद असतात आणि आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेन हा भूलवायू ऑक्सिजनेटरमधून (यंत्रातील, रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून) दिला जातो. त्या वेळी भूलयंत्राने दाखवलेला श्वासातील वायूचा आकडा रुग्णाच्या रक्ताबद्दल काहीही सांगत नाही. कार्बन डायऑक्साइडचा श्वासातील आकडाही तसाच. तरीही संगणक हे दोन्ही आकडे निमूटपणे साठवतो आणि वर्षभराने विश्लेषण करणाऱ्याला भूल अचानक शून्यावर गेल्यासारखी दिसते. म्हणून पंपावरील व्हेपोरायझरची (भूलवायू सोडणाऱ्या भागाची) डायल हाताने नोंदवावी आणि कार्बन डायऑक्साइड पंपाच्या नळीतील सततच्या रक्तवायू मापकाकडून किंवा वारंवार काढलेल्या एबीजीवरून (धमनीतील रक्तवायूंच्या तपासणीवरून) घ्यावा. एबीजी अल्फा-स्टॅट पद्धतीने (रुग्णाच्या तापमानानुसार दुरुस्त न करता) वाचला की पीएच-स्टॅट (दुरुस्त करून), हेही लिहावे. कार्बन डायऑक्साइड चढला की मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो आणि कपाळावरचा आकडाही वर जातो. ही सुधारणा समजली तर फसगत होते.

तापमान किमान दोन ठिकाणचे हवे: नाक-घशातील आणि ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे. पुन्हा गरम करताना मेंदूकडे जाणारे रक्त नाक-घशातील आकड्यापेक्षा आधी तापते. अमेरिकेतील हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्ट यांच्या संघटनांनी २०१५ साली संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शनात हे बाहेर पडणारे रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये असे म्हटले आहे. पंपाचा प्रवाह, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) आणि नळीतील दाब हे परफ्युजनिस्टच्या यंत्रातून घ्यावेत.

ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर (कवटीतून ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणे) हा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत त्रासदायक संकेत आहे. रून आसलिड यांनी १९८२ मध्ये दाखवलेल्या रीतीने, कानशिलाच्या पातळ हाडातून, दोन मेगाहर्ट्झच्या प्रोबने मधल्या मेंदूधमनीतील वेग मोजतात. काही रुग्णांत, विशेषतः वयस्कर स्त्रियांत, हाडातून पुरेसा ध्वनी जातच नाही. अशा रुग्णांचे काय करायचे ते आराखड्यात आधीच लिहावे. बुडबुडा किंवा कण गेल्यास ३०० मिलिसेकंदांहून कमी काळाचा, पार्श्वभूमीपेक्षा किमान तीन डेसिबल मोठा, एकाच दिशेचा संकेत येतो आणि कानाला चिवचिवाटासारखा लागतो. यंत्राने केलेली मोजणी आंधळेपणाने स्वीकारू नये. हवेचा बुडबुडा आणि घन कण यांतला फरक यंत्र खात्रीने करू शकत नाही, म्हणून ध्वनीही साठवावा आणि त्यातील काही भाग दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे ऐकून तपासावा.

पायरी ५: जोडणी

बहुतेक मॉनिटर, भूलयंत्रे आणि ऑक्सिमीटर यांच्या मागे सिरियल किंवा नेटवर्क पोर्ट असते. सेऊल राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयातील गटाने तयार केलेले व्हायटल रेकॉर्डर हे मोफत सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांची यंत्रे एकत्र वाचते. त्यावर गोळा झालेला ६,३८८ रुग्णांचा व्हायटलडीबी हा संचही खुला आहे. तो हृदयेतर शस्त्रक्रियांचा असला, तरी विश्लेषणाचा कोड घासून घेण्यासाठी उत्तम आहे. स्वनियमनाच्या गणितासाठी केंब्रिजमध्ये विकसित झालेले आयसीएम प्लस वापरले जाते, पण ते विकत घ्यावे लागते.

रुग्णाशी जोडलेल्या यंत्राला साधा लॅपटॉप थेट लावू नये. छातीत कॅथेटर आणि पेसिंग वायर असताना अत्यल्प गळतीचा प्रवाहही धोक्याचा ठरू शकतो. विद्युतदृष्ट्या विलग करणारा कन्व्हर्टर वापरावा, लॅपटॉप वैद्यकीय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावा आणि संपूर्ण मांडणीची तपासणी करून बायोमेडिकल विभागाची लेखी मान्यता घ्यावी. तारा परफ्युजनिस्टच्या जाण्या-येण्याच्या वाटेत येता कामा नयेत. अभ्यासाच्या तारेत पाय अडकून पंपाची नळी हलली, असे एकदाही घडता कामा नये.

साठवणुकीची चिंता फारशी नसते. ईसीजी सेकंदाला ५०० नमुने, धमनीची लाट १२५, ईईजीच्या चार वाहिन्या प्रत्येकी २५६ आणि प्रत्येक नमुना दोन बाइट असे धरले, तर सेकंदाला सुमारे ३.३ किलोबाइट होतात; सहा तासांचे ते ७१ मेगाबाइट. डॉप्लरचा ध्वनी मात्र पुष्कळ जागा खातो. फाइल दर काही मिनिटांनी डिस्कवर उतरत राहील अशी व्यवस्था असावी, म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी आधीचे शाबूत राहील. स्लीप मोड, अँटिव्हायरसचे स्कॅन आणि आपोआप होणारे अपडेट आदल्या दिवशीच बंद करावेत.

पायरी ६: एक घड्याळ

ओटीतील मॉनिटर, पंप, ऑक्सिमीटर, डॉप्लर आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. काही मिनिटांचा फरक सर्रास असतो. साधे क्वार्ट्झ घड्याळही दिवसाला सेकंद-दोन सेकंद सरकू शकते. एका शस्त्रक्रियेत हे सरकणे नगण्य असते, पण सुरुवातीचा फरक नगण्य नसतो. क्लॅम्प काढल्याची वेळ पंपाच्या चार्टवर ११:४२ आणि डॉप्लरवर बुडबुड्यांचा पाऊस ११:३९ ला असेल, तर कारणाआधी परिणाम घडल्यासारखे दिसते.

उपाय असा. नोंदणीचा लॅपटॉप नेटवर्कवरील प्रमाणवेळेशी जुळवून घ्यावा आणि तेच अभ्यासाचे एकमेव घड्याळ मानावे. जी यंत्रे थेट लॅपटॉपला जोडलेली आहेत, त्यांच्या प्रत्येक आकड्यावर येताक्षणी लॅपटॉपची वेळ उमटवावी. यंत्राची स्वतःची वेळ वेगळ्या रकान्यात तशीच राहू द्यावी. जी यंत्रे जोडता येत नाहीत, त्यांच्या पडद्यावरील घड्याळ आणि लॅपटॉपचे सेकंद दाखवणारे घड्याळ एकाच चौकटीत येतील असा फोटो सुरुवातीला आणि शेवटी काढावा. दोन फोटोंमधील फरकावरून सरकणेही कळते. फोटोत रुग्णाचे नाव येत नाही ना, हे तिथल्या तिथे पाहावे.

याशिवाय लाटांमध्येच खूण उमटवावी. सुरुवातीला भूलतज्ज्ञ आर्टरियल लाइन (धमनीतील दाब मोजणारी नळी) फ्लश करतो, म्हणजे द्रवाने धुतो, तेव्हा धमनीच्या लाटेत चौकोनी उंचवटा येतो. त्याच क्षणी लॅपटॉपवर ‘फ्लश’ची कळ दाबावी. असे तीनदा केले की लाट आणि कळ यांतील उशीर काढता येतो. ऑक्सिमीटर काही सेकंदांची सरासरी काढून आकडा देतो आणि ईईजीचा आकडा त्याहूनही मागे असू शकतो. हा अंगभूत उशीर प्रत्येक यंत्रासाठी एकदा मोजून ठेवावा आणि विश्लेषणात वजा करावा. वेळ नेहमी तारखेसह आणि चोवीस तासांच्या पद्धतीने साठवावी. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या तातडीच्या केसमध्ये मध्यरात्र ओलांडताच सगळा क्रम उलटा झालेला पाहण्याची वेळ त्यामुळे येणार नाही.

पायरी ७: घडामोडी टिपणारा माणूस

यंत्र आकडे टिपते, पण हातांनी काय केले ते टिपत नाही. त्यासाठी एक प्रशिक्षित निरीक्षक हवा, आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम असता कामा नये. कळफलकावर प्रत्येक घटनेला एक कळ नेमून द्यावी: महाधमनीत कॅन्युला घातली, पंप सुरू, क्लॅम्प लावला, कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारे द्रावण) दिला, क्लॅम्प काढला, साइड क्लॅम्प (महाधमनी अर्धवट बंद करणारा चिमटा) लावला, हृदय उचलले, हवा काढली, हृदय रक्त फेकू लागले, प्रवाह कमी केला, रक्त चढवले, व्हासोप्रेसर (रक्तदाब वाढवणारे औषध) दिला, पंप बंद. परफ्युजनिस्टने रिझर्व्हॉयरमध्ये (पंपातील रक्तसाठ्यात) सिरिंजने औषध टोचले किंवा नमुना काढला, तर त्याचीही कळ असावी. अशा टोचण्यांबरोबर हवेचे सूक्ष्म बुडबुडे आत जातात आणि डॉप्लरवर त्यांचा थवा उमटतो. त्या कळेविना हा थवा शल्यविशारदाच्या खाती जमा होईल.

निरीक्षकाने शल्यविशारदाला प्रश्न विचारत बसू नये. ‘क्लॅम्प ऑफ’ असे टीम मोठ्याने म्हणतेच. ऐकावे आणि कळ दाबावी. चुकीची कळ दाबली गेली, तर ती पुसू नये. दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावी.

पायरी ८: आकडा घसरला तर सांगायचे का?

हा तांत्रिक प्रश्न नाही, पण पहिल्याच आठवड्यात समोर उभा राहतो. कपाळावरचा आकडा ४५ वर आला आणि अभ्यास केवळ निरीक्षणाचा असेल, तर निरीक्षकाने गप्प बसावे का? माझ्या मते बसू नये. एखादा संकेत टीमपासून झाकायचाच असेल, तर त्याची मर्यादा आणि ती ओलांडल्यास सांगण्याची पद्धत एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या आराखड्यात लिहिलेली असावी. टीमने मग काय पाहावे, याचा क्रम सर्वपरिचित आहे: सेन्सर नीट चिकटलेला आहे ना, डोके वळलेले नाही ना, कॅन्युला जागेवर आहे ना, सरासरी दाब आणि शिरेचा दाब किती, पंपाचा प्रवाह पुरेसा आहे का, कार्बन डायऑक्साइड खाली गेला आहे का, हिमोग्लोबिन किती, भूल आणि तापमान कसे. एकाच बाजूचा आकडा पडला असेल, तर आधी कॅन्युलाची दिशा पाहावी. टीमने जे केले त्याची कळ दाबायलाच हवी, कारण आता तो हस्तक्षेप झाला आणि विश्लेषणात त्याला वेगळे स्थान आहे.

पायरी ९: सफाई

कच्ची फाइल केवळ वाचता येईल अशी कुलूपबंद ठेवावी आणि सफाई तिच्या प्रतीवर करावी. कॉटरीमुळे ईईजी आणि ईसीजीत दाट गोंधळ येतो. धमनीतून रक्त काढताना लाट सपाट होते. फ्लश करताना दाब ३०० वर जातो. शून्य करताना तो शून्यावर येतो. सेन्सर निघाला की ऑक्सिमीटर एकच आकडा धरून बसतो. प्रत्येकासाठी नियम लिहावा, उदाहरणार्थ ‘सरासरी दाब २० पेक्षा कमी किंवा १५० पेक्षा जास्त असलेले क्षण वगळावेत, मात्र नियोजित रक्ताभिसरण-बंदीच्या काळात वगळू नयेत’. हे नियम रुग्णांचे परिणाम उघड होण्यापूर्वी निश्चित करावेत. वगळलेल्या भागाचे प्रमाण रुग्णागणिक मांडावे. एखाद्या रुग्णाच्या पंपकाळातील बराचसा भाग गळून गेला असेल, तर त्याचा हिशेब धरू नये.

पायरी १०: गणित

सर्वांत सोपे माप म्हणजे मर्यादेखालचे क्षेत्रफळ. मर्यादा ६० मिमी पारा धरली आणि दाब पाच मिनिटे ५० वर राहिला, तर १० गुणिले ५ म्हणजे ५० मिमी-मिनिटे. दाब दहा मिनिटे ५५ वर राहिला तरी उत्तर ५०च येते. मेंदूच्या दृष्टीने हे दोन्ही प्रसंग सारखे असतीलच असे नाही, म्हणून क्षेत्रफळासोबत सर्वांत खोल घसरण आणि तिचा कालावधीही स्वतंत्र ठेवावा.

यापेक्षा मार्मिक माप स्वनियमनाचे आहे. निरोगी मेंदू दाब वर-खाली झाला तरी स्वतःचा रक्तप्रवाह स्थिर राखतो. मर्यादेखाली ही क्षमता संपते आणि दाबाबरोबर प्रवाहही खाली जातो. जॉन्स हॉपकिन्समधील गटाने पंपावरील रुग्णांत दाखवले की ही खालची मर्यादा माणसागणिक फार बदलते. कोणाची ४० च्या आसपास, तर कोणाची ९० पर्यंत. म्हणजे सर्वांसाठी एकच ६० ची रेषा आखणे हे सोयीचे आहे, पण खरे नाही.

ती मर्यादा काढण्याची रीत अशी. सरासरी दाब आणि कपाळावरचा ऑक्सिजनचा आकडा यांची दर दहा सेकंदांची सरासरी काढावी. सलग ३० सरासरी, म्हणजे ३०० सेकंद, घेऊन दोहोंतील पिअर्सन सहसंबंध (एकाबरोबर दुसरा किती हलतो याचे माप) काढावा आणि खिडकी दहा सेकंदांनी पुढे सरकवत जावे. मिळणारे सहसंबंध दाबाच्या पाच-पाच मिमीच्या कप्प्यांत टाकून प्रत्येक कप्प्याची सरासरी घ्यावी. वरच्या कप्प्यांत ती शून्याजवळ असते. खाली येताना जिथे ती ०.३ ते ०.४ च्या वर चढते, तो दाब म्हणजे त्या रुग्णाची खालची मर्यादा. ०.३ घ्यायचे की ०.४, हे आधीच ठरवावे. सर्व रुग्णांत स्पष्ट मर्यादा सापडत नाही. काहींचा दाब पुरेसा हललेलाच नसतो. अशा वेळी ओढूनताणून आकडा बसवू नये. गरम करण्याच्या टप्प्यात तापमान, हिमॅटोक्रिट आणि कार्बन डायऑक्साइड एकदम बदलतात आणि सहसंबंध दूषित होतो, म्हणून तो टप्पा वेगळा काढून दोन्ही प्रकारे गणित करावे.

पायरी ११: पाठपुरावा

आयसीयूत पहिले किमान तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सीएएम-आयसीयू पद्धतीने भ्रमावस्था तपासावी. रुग्ण गाढ गुंगीत असेल तर ‘तपासता आले नाही’ असे लिहावे. ‘भ्रम नाही’ असे लिहू नये. गप्प पडून राहणाऱ्या रुग्णाची भ्रमावस्था सर्वाधिक निसटते, कारण तो कोणाला त्रास देत नाही. ही तपासणी करणाऱ्याला ओटीतील नोंदी ठाऊक नसाव्यात.

बौद्धिक चाचणी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी घ्यावी. घरी सोडतानाच्या चाचणीत वेदना, औषधे आणि अपुरी झोप यांचीच मोजणी जास्त होते. रुग्णाच्या गुणांतील बदलातून तुलनागटाचा सरासरी बदल वजा करून तुलनागटाच्या बदलाच्या प्रमाण विचलनाने भागावे; आधी ठरवलेल्या रेषेच्या, बहुधा उणे १.९६ च्या, खाली गेल्यास घसरण मानावी. जे रुग्ण पुन्हा येत नाहीत, त्यांच्यात घसरण झालेले जास्त असू शकतात. नांदेड किंवा गडचिरोलीहून मुंबईला आलेल्या रुग्णाला केवळ चाचणीसाठी परत बोलावणे अवघड असते. प्रवासखर्चाची तरतूद, शल्यविशारदाच्या तपासणीच्याच दिवशी चाचणी आणि घरातील एका जाणत्या नातेवाइकाचा फोन नंबर या तीन गोष्टींनी गळती कमी होते. त्या नातेवाइकाला ‘आता हिशेब ठेवता येतो का, औषधे स्वतः लक्षात ठेवून घेतात का’ हेही विचारावे. चाचणीत न दिसणारे बरेच काही तिथे कळते.

पहिला रुग्ण घेण्यापूर्वी

संपूर्ण मांडणी आधी कोरड्या पंपावर, सिम्युलेटरच्या लाटा देऊन चालवावी आणि मध्येच मुद्दाम एक तार काढून सॉफ्टवेअर काय करते ते पाहावे. त्यानंतरचे पहिले काही रुग्ण केवळ सरावाचे समजावेत आणि तसे आराखड्यात लिहावे. प्रत्येक शस्त्रक्रियेची फाइल त्याच संध्याकाळी उघडावी: सगळ्या वाहिन्या शेवटपर्यंत चालू होत्या का, फ्लशच्या खुणा लाटांशी जुळतात का, क्लॅम्प लावल्याची आणि काढल्याची कळ एकेकदाच दाबली गेली आहे का, पंपाच्या चार्टवरील वेळ फोटोतील फरक वजा केल्यावर बसते का. जिथे बसत नाही, तिथे त्याच दिवशी परफ्युजनिस्टला विचारावे. त्याला आज आठवेल, पुढच्या आठवड्यात आठवणार नाही.